ऐनाखालचा पहारा

सानगडी,
५ सप्टेंबर २००५

आदरणीय सर,
सा. नमस्कार.

आज शिक्षक दिन. साकोलीच्या कॉलेजात मुलींनी सगळ्या शिक्षकांना गुलाब दिले. मी तासिका तत्त्वावरची, त्यामुळे माझं नाव यादीत नव्हतं. एका मुलीने स्वतःच्या वेणीतलं फूल काढून मला दिलं. ते बसमध्ये सुकलं. पण दिवसभर तुमची आठवण येत राहिली, म्हणून लिहिते आहे.

मे महिन्यात तुम्ही आणि काकू दुर्गला मुलाकडे राहायला गेलात तेव्हा म्हणाला होतात, "फोन करू नको. माझे कान गेले. पत्र लिही. टीमचं सांग, बाकीचं नाही सांगितलं तरी चालेल." मी बाकीचंही सांगते.

सोमवार, मंगळवार, शनिवार कॉलेज. बी.एस्सी.च्या मुलांना प्राणिशास्त्र शिकवते. बुधवार ते शुक्रवार जंगलात, पीएच.डी.च्या झाडांपाशी. रोज संध्याकाळी पाच वाजता तलावाच्या पाळीमागे आपलं मैदान. नागपूरचे गाइड विचारतात, प्रबंध कधी. आई विचारते, लग्न कधी. मुली विचारतात, मॅडम, नवा बॉल कधी. मी तिघांनाही दिवाळीनंतर म्हणून सांगितलं आहे.

माझ्या बाबांच्या कापडाच्या दुकानात येऊन तुम्ही मला मैदानासाठी मागून घेतलं होतं. त्याचे आभार मी कधी मानले नाहीत. आज मानते.

आता टीमचं. २ ऑक्टोबरला भंडाऱ्याला मुलींची जिल्हा फुटबॉल स्पर्धा आहे. आपली टीम पहिल्यांदाच जाणार. अडचण गोलकीपरची आहे. स्वाती जुलैपासून मैदानावर आलेली नाही.

तिच्या आईच्या, शकुनबाईच्या, ऐनाच्या झाडांवर टसर रेशमाच्या कोशाच्या अळ्या आहेत. त्यातली नाल्याच्या अलीकडची झाडं तिने मला संशोधनासाठी दिली आहेत. पलीकडच्या झाडांवर ती स्वतः पहारा करते. माझ्या झाडांवर स्वाती बसते, शाळेच्या आधी आणि शाळा सुटल्यावर अंधार पडेपर्यंत. पाखरं त्याच वेळी अळ्यांवर तुटून पडतात.

कोशाचा नेम तुम्हाला माहीत आहे. पहाऱ्याला बसणाऱ्याने अंघोळ करून जायचं, एकवेळ जेवायचं, मांस-मासळी खायची नाही, खाटेवर झोपायचं नाही. आणि दूर बसलेल्या बाईने झाडांकडे फिरकायचं नाही. हे तुम्हाला लिहायला संकोच वाटतो, पण मी प्राणिशास्त्र शिकवते. पाळी आलेल्या बाईच्या सावलीने अळ्या मरतात असं इथे मानतात. या वर्षी मी माझ्या झाडांपुरतं हे बंद केलं. जूनमध्येच स्वातीला सांगितलं, माझ्या झाडांखाली तू कोणत्याही दिवशी यायचं. शकुनबाई एवढंच म्हणाली, "तुझे झाडं, तूच पाह्य." अळ्या मेल्या नाहीत. इतक्या दिवसांच्या कामात ही एक गोष्ट केल्याचं मला समाधान आहे.

स्वाती का येत नाही ते कळत नाही. आई अडवत असावी. काय करू?

काकूंना नमस्कार.

तुमची,
कामिनी


दुर्ग,
११ सप्टेंबर

चि. कामिनीस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. आभार मानू नको. मी तुझ्या बापाकडे तुझ्या भल्यासाठी गेलो नव्हतो. शाळेच्या आवारात तुझ्या नाकावर बॉल बसला आणि तू रडली नाहीस, हे मी पाहिलं होतं. मला हाफबॅक पाहिजे होती.

इथे बरं आहे. नातू आहे, टीव्ही आहे. सकाळी जवळच्या मैदानावर जातो. मुलं खेळतात. मी बाहेर उभा राहून पाहतो. कुणाला काही सांगत नाही.

स्वातीशिवाय भंडाऱ्याला जाऊ नको. गोलकीपर नसलेली टीम म्हणजे सहल.

गेल्या वर्षीही कोसा होताच. तेव्हाही ती तीन-तीन आठवडे गायब व्हायची आणि मग एकदम चार दिवस सलग यायची. सगळ्यांच्या आधी येऊन गोलासमोरचे दगड वेचायची. मी विचारायचो, "कुठं होती गं इतके दिवस?" तर हसायची. पण त्या चार दिवसांत जे शिकवलं ते कधी विसरली नाही. शकुनबाई अडवणारी बाई नाही. तरी मुली मोठ्या झाल्या की आया बदलतात. घरी जा. तिच्या पायरीवर बसून विचार, उभ्याने विचारू नको. उभ्याने विचारलं की माणसं हो म्हणतात आणि करत नाहीत.

दुसऱ्या पानावर तू जे लिहिलंस त्याबद्दल मी काही बोलत नाही. तो माझा विषय नाही.

टीमला गोलकिकची सवय लाव.

नंदलाल सर


सानगडी,
१६ सप्टेंबर

आदरणीय सर,
सा. न.

पायरीवर बसून विचारलं.

शकुनबाई भाजी निवडत होती. माझं ऐकून हसायला लागली.

"मी काहून अडवीन वं बाई? पोट्टी घरात असली का भांडे फोडते. खेळाले गेली त बरंच हाये."

"मग ती येत का नाही?"

"तिलेच इचार. मले कोन काय सांगते?"

मग जंगलात गेले. स्वाती शाळेतून नुकतीच आली होती. दप्तर झाडाच्या बुंध्याशी, हातात पाखरं हाकायची गुलेर. मी म्हटलं, "स्वाती, संध्याकाळी मैदानावर येत जा ना."

"मॅडम, पाखरं येतेत ना."

"मागच्या वर्षीही येत होती पाखरं. तू मधे मधे यायचीस की."

"मागच्या वर्षी वेगळं होतं."

"काय वेगळं?"

एक अळी खाली पडली होती. तिने ती काडीवर घेऊन पुन्हा पानावर सोडली. बराच वेळ त्यातच घालवला.

"काई नाई मॅडम. तुमची शेवटची फसल हाये. मी पाहतो झाडं. तुमी जा."

सर, एवढ्याशा मुलीला केवढी जाण! तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि पाच वाजत आले होते म्हणून मैदानावर निघाले.

तिचं म्हणणं खरं आहे. हा माझा शेवटचा हंगाम. गाइडनी बजावलं आहे, या फसलीचे आकडे अपुरे राहिले तर आणखी एक वर्ष. आणि पुढच्या वर्षी कॉलेज मला तास देईल की नाही, ते कॉलेजलाही माहीत नाही. म्हणून मी ठरवलं, स्वातीला ओढायचं नाही. रीताला गोलात उभं केलं आहे. बॉल आला की ती डोळे मिटते आणि देवाचं नाव घेते. टीम हसते. तीही हसते. पण उंच आहे. शिकेल.

तुमची,
कामिनी


दुर्ग,
२० सप्टेंबर

चि. कामिनीस आशीर्वाद.

रीता गोलकीपर नाही. उंची पाहून गोलकीपर ठरवायला आपण काय नारळ पाडणार आहोत? तिला डिफेन्सला ठेव.

स्वातीबद्दल मला जे सांगायचं होतं ते तुझ्या काकूला सांगायचं आहे. म्हणजे तीच सांगेल. खाली तिचं अक्षर आहे.

नंदलाल सर

कामिनी, मी काकू. तुझी पत्रं हे मला वाचून दाखवतात. पण पाच तारखेच्या पत्राचं दुसरं पान यांनी गाळलं होतं. लाजले. काल टेबल आवरताना ते माझ्या हाती लागलं. मी यांना खूण करून विचारलं, स्वाती ते चार दिवस सलग यायची, ते महिन्याच्या महिन्याला का? हे म्हणाले, "मी काय तारखा मांडून ठेवल्या होत्या का?" मग म्हणाले, "हो. महिन्याच्या महिन्याला."

कोशाच्या दिवसांत घरातल्या पोरीला सुट्टी नसते. पहाटे झाड, मग शाळा, मग झाड. रविवारी दिवसभर झाड. चारच दिवस असे, की झाडाकडे ये म्हणून तिला कुणी म्हणू शकत नाही. चुलीकडे, पाण्याकडेही नाही. मैदानाला असा काही नेम नाही. म्हणून ती मैदानावर यायची. तू तिला कोणत्याही दिवशी ये म्हटलंस. ते बरोबरच होतं. पण त्यात तिचे ते चार दिवस गेले, आणि त्यांच्या जागी तू तिला दुसरे दिले नाहीस.

मी रागावून लिहीत नाही. माझ्या सासरी गोठ्याला लागून एक खोली होती. महिन्यातून चार दिवस मी तिथे. लग्न झालं तेव्हा मला अक्षर लावून लावून वाचता यायचं. त्या खोलीत खिडकीशी उजेड चांगला यायचा. वाणसामानाचे कागद, जुने अंक, जे मिळेल ते वाचत गेले. सासूने कधी विचारलं नाही काय करतेस, कारण तिला तिथे यायचंच नव्हतं. त्या खोलीची मला अजून चीड येते. आणि हे पत्र मी लिहिते आहे तेही तिच्यामुळेच. दोन्हींचं काय करायचं ते मला या वयातही कळलेलं नाही. तुला सांगून ठेवलं.

आणि हे मैदानाबाहेर उभे राहून गुपचूप पाहतात असं यांनी तुला लिहिलं, ते खोटं आहे. तिसऱ्याच दिवशी आत जाऊन शिट्टी वाजवली. तिथल्या कोचने हात जोडले. आता फाटकाबाहेर उभे असतात.

राधाकाकू


सानगडी,
२५ सप्टेंबर

प्रिय काकू,
सा. न.

तुमचं पत्र शुक्रवारी दुपारी मिळालं. ते घेऊनच जंगलात गेले.

काकू, रोज संध्याकाळी मी त्या पायवाटेने मैदानाकडे जात होते आणि स्वाती त्याच वाटेने माझ्या झाडांकडे येत होती. आम्ही रोज समोरासमोर भेटायचो. मी तिला हात करायचे. इतके दिवस हे माझ्या डोळ्यांसमोर होतं.

शुक्रवारी ती आली तेव्हा मी झाडाखालीच बसून होते. म्हटलं, "आजपासून संध्याकाळी तू मैदानावर जायचं. मी बसते."

"अन् टीम?"

"चंद्रकुमार सरांना सांगितलं आहे. ते घेतील."

"ते कबड्डीचे सर हायेत मॅडम."

"तुम्ही त्यांना फुटबॉल शिकवा."

ती हसली नाही. मी म्हटलं, "स्वाती, तुझे ते दिवस गेले, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. तू सांगायचं तरी."

"तुमी त माह्या चांगल्यासाठीच सांगितलं होतं. मंग मी कशी म्हणू, का मले ते दिवस पाह्यजे होते म्हणून?"

मग दप्तर तिथेच टाकून पळाली. पायात चप्पलही नव्हती.

शकुनबाईला विचारायला नाल्यापलीकडे गेले. ती म्हणाली, "बसशीन त बस. पन नेम पाळा लागंल."

मी म्हटलं, "मावशी, झाडं माझी आहेत ना?"

"झाडं तुझे. अळ्या इकडच्या-तिकडच्या एकमेकीले ओळखतेत."

मी कबूल केलं. मला पटलं म्हणून नाही. तिच्या झाडांना लागून बसायचं तर तिच्या मनाला घोर नको म्हणून.

त्यामुळे सध्या एकवेळ जेवते आणि जमिनीवर झोपते. शनिवारी रिकाम्या पोटी प्रथम वर्षाला पचनसंस्था शिकवली. इतकी चांगली कधी शिकवली नव्हती. स्टाफरूममध्ये कुणीतरी आमलेट आणलं होतं, मी उठून व्हरांड्यात जाऊन बसले. आईने शेजारच्या पुष्पाबाईला सांगितलं आहे की कामिनीने लग्नासाठी काहीतरी धरलं आहे. पुष्पाबाईने एक स्थळही काढलं. मुलगा वरठीच्या कारखान्यात आहे. मोटारसायकल आहे.

आता २ तारखेचं. अळ्या बोटाएवढ्या झाल्या आहेत. कावळे उतरले तर सकाळभरात झाड रिकामं होतं. त्या दिवशी नाल्याच्या दोन्ही बाजूंना पहाटेपासून माणूस हवं. शकुनबाई एकटी दोन्हीकडे पुरी पडणार नाही. स्वाती खेळणार, तर माझ्या झाडांखाली मीच बसायला हवं. टीमबरोबर चंद्रकुमार सर जातील. सरांना म्हणावं, मुलींसाठी चार ओळी लिहून पाठवा. मैदानावर वाचून दाखवतील.

मला भंडाऱ्याला जायचं होतं, काकू. फार जायचं होतं. हे तुम्हालाच लिहिते. सरांना वाचायला देऊ नका.

तुमची,
कामिनी


दुर्ग,
२८ सप्टेंबर

चि. कामिनीस आशीर्वाद.

तुझ्या काकूने पत्राची शेवटची ओळ हाताने झाकून मला वाचायला दिलं. ऐकू येत नाही म्हणून दिसतही नाही असं तिला वाटतं.

मी येणार होतो. मुलगा म्हणाला, "बाबा, मागून ट्रक आला तर तुम्हाला कळणार आहे का?" म्हणून इथेच राहिलो.

तू ठरवलंस ते बरोबर आहे. खालचं मुलींसाठी.

मुलींनो, बॉलच्या मागे सगळ्या एकदम धावू नका, लग्नात वाढप्याच्या मागे धावल्यासारख्या. जिच्याकडे बॉल नाही तिने जास्त विचार करायचा. हरलात तर रडा, पण बसमध्ये. मैदानावर समोरच्या मुलींना हात द्या. रीता, डोळे उघडे. स्वाती, तुला काही सांगायचं नाही.

नंदलाल सर


सानगडी,
४ ऑक्टोबर

आदरणीय सर आणि काकू,
सा. न.

मी भंडाऱ्याला गेले होते.

शनिवारी संध्याकाळी मी झाडाखाली बसले होते, आणि तिथेच मी दूर झाले. चार दिवस आधी. सर, हेही तुम्ही वाचा आता. पान गाळू नका.

कुणाला कळलं नसतं. मी नेम मानत नाही, आजही मानत नाही. माझ्या सावलीने एक अळी मरणार नव्हती हे मला पक्कं माहीत होतं. गप्प बसले असते तर सगळं ठरल्याप्रमाणे झालं असतं. पण आठवडाभर शकुनबाईने मला एकदाही विचारलं नव्हतं, जेवलीस किती वेळा, झोपलीस कुठे. मी हो म्हटलं होतं तेवढ्यावर तिने मला बसू दिलं होतं. तिची वर्षाची कमाई नाल्यापलीकडे पानं खात होती. मी उठले, झाडांपासून लांब आले आणि नाल्याच्या काठावरून तिला हाक मारली.

सांगितलं.

तिने ऐकून घेतलं. मग तोंडाला पदर लावून हसायला लागली. हसता हसता खाली बसली.

"आता जाय. पोट्टी बी चालली, मास्तरीन बी चालली."

"मावशी, उद्या झाडं?"

"झाडं काय पळून चालले? मी हावो ना."

"एकटी? दोन्हीकडे?"

"तू दूर हायेस ना? मंग दूर बसलेल्या बाईनं झाडाचा इचार बी करू नये. जाय."

मला तिथून जावं लागलं, सर. आणि खरं सांगते, तलावाच्या पाळीवर आल्यावर मी पळाले.

पहाटेच्या बसने गेलो. तुमचं पत्र चंद्रकुमार सरांनीच वाचलं, कबड्डीच्या आवाजात. वाढप्याच्या ओळीला समोरची टीमही हसली. पहिली मॅच आपण जिंकलो. रीता डिफेन्सला होती. तिने एकदाही डोळे मिटले नाहीत. देवाचं नाव मात्र मोठ्याने घेत होती.

दुसरी मॅच तुमसरच्या मुलींशी. त्या आपल्यापेक्षा बऱ्या होत्या. बॉल आपल्याच बाजूला राहिला. स्वाती गोलात उभी राहते ती तुम्ही शिकवल्यासारखी, पण आता तिच्यात आणखी काहीतरी आहे. ती बॉलकडे पाहत नाही, बॉल जिथून निघणार त्या पायाकडे पाहते. फांदी हलायच्या आधी पाखरू दिसावं तसं. एकामागून एक अडवत गेली. शेवटी एक गेला. तिचं बोट लागलं होतं. तुमसरच्या कोचने मॅच संपल्यावर येऊन विचारलं, ही मुलगी कुठे शिकली. मी तुमचं नाव सांगितलं.

आपण हरलो. हात दिले. बसमध्ये रडलो, तुम्ही सांगितल्याप्रमाणे. लाखनीपर्यंत रडणं संपलं आणि गाणी सुरू झाली.

स्वाती काल पहाटे माझी झाडं पाहून आली. एकही झाड रिकामं नाही. अळ्या जशाच्या तशा आहेत. एका बाईने नाल्याच्या दोन्ही बाजू दिवसभर कशा सांभाळल्या, मला कळत नाही. गाइडना फोन करून सांगितलं, आकडे पुरे होतील. त्यांना आनंद झाला. त्यांना वाटलं मी रविवारी जंगलात होते. मी सांगितलं, भंडाऱ्याला होते. ते म्हणाले, "कशाला?"

आज घट बसले. आईने मला बाजूला बसवलं आहे, म्हणून हे एवढं लांब पत्र. काकू, या खोलीतही उजेड चांगला आहे.

तुमची,
कामिनी


सानगडी,
७ ऑक्टोबर

आदरणीय सर,
साष्टांग नमस्कार.

मी स्वाती. पत्र पहिल्यांदाच लिहीत आहे. चुका असतील तर माफ करा.

तुम्ही मला मॅचसाठी काही सांगितलं नाही, म्हणून मला फार बरं वाटलं.

सर, एक विचारायचं आहे. रविवारी आई आमच्या झाडांकडे गेलीच नाही. पहाटेपासून मॅडमच्या झाडांखाली बसली होती. आमच्या नाल्यापलीकडच्या झाडांवर कावळे आले. काही झाडांवर आता एकही अळी नाही. मी सोमवारी पाहिलं. आई म्हणाली, मॅडमले सांगायचं नाही.

मी आईला म्हटलं, थोडं इकडे थोडं तिकडे बसली असती तर? ती म्हणाली, तसं केल्यानं दोन्हीकडचं जाते. मी म्हटलं, मग आपलं काहून सोडलं? आई म्हणाली, "तिनं येऊन मले सांगितलं. नसतं सांगितलं त मले काय समजत होतं? तिले त पटत बी नाई. तरी सांगितलं." मग म्हणाली, आपली फसल दिवाळीनंतर पुन्हा होते, तिची होत नाही.

मॅडम रोज आईला म्हणतात, मावशी तुम्ही कसं केलं हो. आई म्हणते, झालं आपोआप. मला ऐकवत नाही.

मी सांगू का नको सांगू? तुम्ही म्हणाल तसं करीन.

तुमची विद्यार्थिनी,
स्वाती (गोलकीपर)


दुर्ग,
११ ऑक्टोबर

चि. स्वाती,

सांग. आईला विचारून सांगू नको.

बोट लागूनही बॉल आत जातो तेव्हा बोटाचं काम नसतं. मूठ वापर.

नंदलाल सर

आईला माझा नमस्कार सांग. राधाकाकू.


सानगडी,
१५ ऑक्टोबर

आदरणीय सर आणि काकू,
सा. न.

स्वातीने काल मैदानावरून परत येताना सांगितलं. सांगितलं आणि पुढे पळत गेली.

मी रात्री विचार केला, शकुनबाईला काय म्हणायचं.

माझ्या अळ्यांनी आता कोसे बांधले आहेत. पहाऱ्याची गरज उरली नाही. तिच्या अळ्या उशिराच्या, त्या अजून खात आहेत. ज्या झाडांवर उरल्या आहेत, त्या.

आज पहाटे अंघोळ करून नाला ओलांडला. ती झाडाखाली गुडघे जवळ घेऊन बसली होती.

"बाई, वाट चुकली का? तुझे झाडं तिकडं."

"माहीत आहे."

"कालेज नाई?"

"आहे. अकराच्या बसने जाईन. तोवर मी बसते इथे."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग जिकडे कावळ्यांनी रिकामी केलेली झाडं होती तिकडे पाहिलं.

"पोट्टीनं सांगितलं."

मी मान हलवली.

"घरी गेलो का पाहतो तिले," ती म्हणाली. पण आवाजात राग नव्हता. उठली. अंगाखालची पोती झटकली आणि माझ्यासाठी पुन्हा अंथरली. कुठल्या फांदीवर जास्त अळ्या आहेत ते बोटाने दाखवलं. थोडी चालून गेली आणि थांबली.

"महिना झाला," म्हणाली, "सकाळचं झोपलो नाई."

"झोपा, मावशी."

"तुही बस चुकंल."

"चुकू दे."

ती गेली. मी वर पाहत बसले.

तुमची,
कामिनी